नावावर तिकीट खपतं, टोनी मिळतोच असं नाही

८ जून २०२५, रविवार. न्यूयॉर्कमध्ये त्या दिवशी दोन गाजलेल्या नाटकांचे शेवटचे प्रयोग झाले. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मध्ये हॉलिवूडचे डेन्झेल वॉशिंग्टन आणि जेक जिलनहाल होते, ‘गुड नाइट, अँड गुड लक’मध्ये जॉर्ज क्लूनी. त्या मोसमात या दोन नाटकांनी गल्ल्याचे विक्रम केले होते. त्याच संध्याकाळी रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये टोनी, म्हणजे तिथल्या रंगभूमीचे सगळ्यात मानाचे पुरस्कार, जाहीर झाले. ‘ऑथेल्लो’ला त्यात एकही नामांकन नव्हतं. अभिनयाला नाही, दिग्दर्शनाला नाही, प्रकाशयोजनेलाही नाही. क्लूनींना नामांकन होतं, पण पुरस्कार गेला कोल एस्कोला यांच्याकडे. हे नाव आपल्याकडे सिनेमा पाहणाऱ्या फार थोड्यांच्या कानावर गेलं असेल.

सिनेमातला बडा नट रंगमंचावर आला की पुरस्कारही तोच घेऊन जाणार, असं आपण गृहीत धरतो. नाट्यगृह ज्याच्या नावावर भरतं त्यालाच परीक्षक रिकाम्या हाताने परत पाठवतात, हे चमत्कारिक वाटतं. पण ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, तिकीटबारी आणि पुरस्कार ही दोन वेगळी खाती आहेत. दोन्हींचे हिशेबनीस वेगळे, आणि त्यांना हवी असलेली गोष्टही वेगळी.

मराठी प्रेक्षकाला मुळात यात बातमी काय, असाही प्रश्न पडेल. आपल्याकडे नाटक आणि सिनेमा यांच्यामध्ये भिंत कधी नव्हतीच. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे ही सगळी मंडळी रंगमंचावरून पडद्यावर गेली. आजही मालिकेतला नट आठवडाभर शूटिंग करतो, शनिवारी पुण्याच्या बालगंधर्वला उभा राहतो आणि रविवारी दुपारी ठाण्याच्या गडकरीला. त्याला ‘नाईट’ (प्रयोगाचं मानधन) मिळते आणि सोमवारी तो पुन्हा सेटवर. नाटक हे त्याचं शनिवार-रविवारचं काम असतं. त्यासाठी बाकीचं आयुष्य थांबवावं लागत नाही.

अमेरिकेत थांबवावं लागतं. सिनेमाचा धंदा लॉस एंजेलिसमध्ये आणि नाटकाचा न्यूयॉर्कमध्ये, मध्ये जवळजवळ चार हजार किलोमीटर. त्याहून मोठी अडचण म्हणजे ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग होतात. बहुतेक नाटकांना सोमवारी सुट्टी, आणि आठवड्यातल्या दोन दिवशी दुपारी एक, रात्री एक असे जोडप्रयोग. हे चार-पाच महिने सलग. आपल्याकडचा चांगला चालणारा नटही आठवड्याला आठ प्रयोग ऐकून हात जोडेल. हॉलिवूडच्या नटाला त्यासाठी एखादा सिनेमा सोडावा लागतो, आणि सिनेमात मिळणाऱ्या पैशांच्या मानाने हाती येतं ते कमीच. म्हणून तो आला की बातमी होते.

ब्रॉडवे म्हणजे नेमकं काय, हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ब्रॉडवे हा मॅनहॅटनमधला एक लांबलचक रस्ता आहे, पण ‘ब्रॉडवेचं नाट्यगृह’ त्या रस्त्यावर असायलाच हवं असं नाही. बहुतेक तर आजूबाजूच्या गल्ल्यांमध्येच आहेत. गणती खुर्च्यांवरून होते. ५०० किंवा त्याहून जास्त खुर्च्या असलेली अशी ४१ नाट्यगृहं आज मानली जातात. १०० ते ४९९ खुर्च्यांचं नाट्यगृह ‘ऑफ-ब्रॉडवे’त मोडतं. टोनी फक्त त्या ४१ नाट्यगृहांत झालेल्या नाटकांसाठी आहे. ४९९ खुर्च्यांच्या नाट्यगृहात एखाद्याने जन्मभर लक्षात राहील असं काम केलं तरी टोनीच्या लेखी ते झालेलंच नाही.

निर्मात्याला तारा का लागतो

संगीतिका आणि गद्य नाटक यांची अर्थव्यवस्था वेगळी आहे. ‘द लायन किंग’ १९९७ पासून आणि ‘विकेड’ २००३ पासून चालू आहे. तिथे कोण काम करतंय हे बघून कुणी तिकीट काढत नाही. नट बदलतात, नाटक चालत राहतं, कारण नावच खपतं. पर्यटक कुटुंबासह येतो, त्याला गाणी हवीत, भव्य नेपथ्य हवं, मुलांना आवडेल असं काहीतरी हवं.

गद्य नाटकाकडे यातलं काही नसतं. चार माणसं, एक दिवाणखाना आणि दोन तास बोलणं. भाडं मात्र त्याच नाट्यगृहाचं, कामगार संघटनांचे दर तेच, जाहिरातीचा खर्चही काही कमी नाही. घातलेले पैसे परत मिळवणारी नाटकं ब्रॉडवेवर थोडीच निघतात, बाकीच्यांत गुंतवणूकदार हात पोळून घेतात. अशा वेळी निर्मात्याला खात्रीची गोष्ट एकच दिसते, ती म्हणजे प्रेक्षकाला आधीपासून माहीत असलेला चेहरा.

पण तो चेहरा कायमचा मिळत नाही. त्याचा पुढचा सिनेमा ठरलेला असतो. तो पंधरा आठवडे देतो, म्हणजे आठच्या हिशेबाने १२० प्रयोग. गुंतवणूक, खर्च, नफा, सगळं या १२० प्रयोगांत वसूल व्हायला हवं. मग तिकिटाचा दर आकाशाला भिडतो. ‘ऑथेल्लो’च्या चांगल्या खुर्च्या ९२१ डॉलरपर्यंत गेल्या, म्हणजे तेव्हाचे साधारण ७८ हजार रुपये. ज्या एथेल बॅरीमोर नाट्यगृहात ते नाटक झालं तिथे हजाराच्या आसपासच खुर्च्या आहेत, तरी शुभारंभ होण्याआधीच एका आठवड्यात २८ लाख डॉलरचा गल्ला जमला होता. गद्य नाटकाचा तो तेव्हाचा विक्रम. क्लूनींच्या नाटकाने काही आठवड्यांतच तो मोडला आणि पुढे आठवड्याला चाळीस लाख डॉलरच्याही वर मजल मारली. त्यांचं विंटर गार्डन नाट्यगृह बरंच मोठं आहे, तेवढा फरक धरावा लागेल.

आपल्याकडे नाटकाचं तिकीट पाचशे रुपये झालं की बुकिंगच्या खिडकीवर कुरकुर सुरू होते, त्यामुळे हे आकडे वाचताना मला थोडं गरगरलं. निर्मात्याचं गणित मला समजतं, पण ते नाटक नेमकं कुणासाठी केलं जातंय हा प्रश्न काही सुटत नाही. शेक्सपिअर ७८ हजारांत बघणाऱ्यांपैकी किती जण शेक्सपिअर बघायला आले होते आणि किती जण वॉशिंग्टन? अर्थात न्यू जर्सीत राहणारे आपले मराठी लोक सांगतील की टाइम्स स्क्वेअरच्या लाल पायऱ्यांखालच्या खिडकीवर त्याच दिवसाची तिकिटं सवलतीत मिळतात. मिळतात, पण अशा नाटकांची बहुधा तिथवर पोहोचतच नाहीत.

फलकावरची एक ओळ

आता पुरस्काराच्या नियमांकडे येऊ. यातला सगळ्यात गमतीचा नियम नाटकाच्या फलकावर दिसतो.

फलकावर नटाचं नाव नाटकाच्या नावाच्या वर छापलंय की खाली, याला ब्रॉडवेवर फार महत्त्व आहे. आपल्याकडच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींतही नावांचा क्रम, अक्षरांचा आकार, शेवटी ‘आणि’ घालून चौकटीत टाकलेलं नाव यावरून रुसवे-फुगवे होतातच. तिथे मात्र मान-अपमानापलीकडे या ओळीला व्यवहाराचं वजन आहे. शीर्षकाच्या वर ज्याचं नाव आहे तो नट एखाद्या दिवशी आला नाही, तर प्रेक्षक पैसे परत किंवा दुसऱ्या तारखेचं तिकीट मागू शकतो. खाली नाव असलेला नट आला नाही तर बदली नट उभा राहतो आणि प्रयोग होतो. परताव्याचा प्रश्न येत नाही. (आपल्याकडे प्रमुख नट आजारी पडला की बहुधा प्रयोगच रद्द होतो आणि सगळ्यांनाच पैसे परत मिळतात, हा भाग वेगळा.)

हीच ओळ टोनीचा गटही ठरवते. नाव वर असेल तर ‘प्रमुख भूमिका’, खाली असेल तर दुय्यम मानला जाणारा दुसरा गट. आपण त्याला सहायक भूमिका म्हणू. भूमिका किती मोठी, संवाद किती, याने सुरुवात होत नाही, फलकापासून होते. निर्मात्याला हे चुकीचं वाटलं तर तो पुरस्कारांच्या प्रशासन समितीकडे अर्ज करतो आणि समिती मोसमात काही वेळा बसून असे निवाडे करते. अमुक नटीला प्रमुखमधून सहायकमध्ये घ्या, तमुकाला वर न्या, वगैरे. या अर्जांमागे शुद्ध डावपेचही असतात. प्रमुख गटात यंदा फार तगडी नावं असतील तर आपल्या माणसाला शेजारच्या गटात सरकवलेलं बरं.

यामुळे काय होतं, ते ‘फेन्सेस’ या नाटकातल्या रोझच्या भूमिकेवरून कळतं. ऑगस्ट विल्सन यांचं हे नाटक १९८७ मध्ये ब्रॉडवेवर आलं. पिट्सबर्गमधला एक कृष्णवर्णीय कचरा कामगार, ट्रॉय, आणि त्याची बायको रोझ. मेरी अ‍ॅलिस यांना रोझसाठी सहायक भूमिकेचा टोनी मिळाला. २०१० मध्ये नाटक पुन्हा आलं, तेव्हा रोझ होत्या व्हायोला डेव्हिस, आणि त्यांना तीच भूमिका करून प्रमुख अभिनेत्रीचा टोनी मिळाला. पुढे वॉशिंग्टन यांनी त्यावर सिनेमा केला, त्यात पुन्हा डेव्हिसच होत्या, आणि २०१७ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं ते सहायक अभिनेत्रीचं. एकच बाई, तोच संसार, आणि जवळपास तेच संवाद. कधी सहायक, कधी प्रमुख, पुन्हा सहायक. ट्रॉयच्या बाबतीत असा घोळ झाला नाही. १९८७ मध्ये जेम्स अर्ल जोन्स आणि २०१० मध्ये डेन्झेल वॉशिंग्टन, दोघांनाही प्रमुख अभिनेत्याचाच टोनी मिळाला.

मतं कोण देतं

ऑस्करला मतं देणारे आज दहा हजारांच्या घरात आहेत आणि जगभर पसरलेले आहेत. टोनीचा कारभार त्या मानाने एका मोठ्या वाड्यासारखा. अमेरिकन थिएटर विंग ही जुनी संस्था आणि नाट्यगृहांचे मालक-निर्माते यांची ब्रॉडवे लीग, या दोघी मिळून तो चालवतात.

आधी नामांकनं ठरतात. त्यासाठी नाट्यव्यवसायातल्या जाणकारांची पन्नास-साठ जणांची समिती असते. त्यांनी मोसमातलं स्पर्धेला पात्र ठरलेलं प्रत्येक नाटक पाहायचं असतं, चांगलं असो वा रटाळ. एप्रिलच्या शेवटी मुदत संपते, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये नाटकांची झुंबड उडते आणि समितीवाले दिवसाआड, कधी दिवसाला दोन नाटकं बघत असतात. ही माणसं रसिक असली तरी त्या दिवसांत थकलेली असतात, हे मी फक्त जाता जाता नोंदवतो.

मग अंतिम मतदान. मतदार आठशेहून थोडे अधिक. त्यात निर्माते आहेत, नट, दिग्दर्शक, नाटककार, नेपथ्यकार यांच्या संघटनांच्या कार्यकारिणीतले लोक आहेत, काही समीक्षक आहेत. अट अशी की ज्या गटात मत द्यायचं त्या गटातली नामांकन मिळालेली सगळी कामं तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेली हवीत. घरी बसून पडद्यावर बघायची सोय नाही. त्या महिन्यांत, त्या शहरात, त्या खुर्चीत जाऊन बसावं लागतं.

म्हणजे सिनेमातला नट ज्यांच्या मतांवर अवलंबून असतो ते त्याचे चाहते नाहीत. ती त्याच गल्ल्यांत वर्षभर काम करणारी माणसं आहेत. ऑफ-ब्रॉडवेवर दहा वर्षं घासलेला नट त्यांच्या ओळखीचा असतो. चार महिन्यांसाठी आलेला पाहुणा कितीही गोड वागला तरी पाहुणाच. दुसऱ्या बाजूने, यातल्या निर्मात्यांना आणि नाट्यगृहमालकांना हेही माहीत असतं की पाहुणे आले नाहीत तर गद्य नाटकांचे दिवे विझतील. शिवाय १९६७ पासून हा सोहळा अमेरिकाभर टीव्हीवर दिसतो, आणि टीव्हीला ओळखीचे चेहरे लागतात. त्यामुळे टोनीवाले ताऱ्यांवर रागही धरतात आणि त्यांना पहिल्या रांगेतही बसवतात.

हा रागलोभ नवा नाही. पहिलेवहिले टोनी ६ एप्रिल १९४७ ला वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात दिले गेले. आदल्या वर्षी वारलेल्या अँटोनेट पेरी या नटी-दिग्दर्शिकेच्या नावाने ते सुरू झाले. ‘टोनी’ हे तिचं लाडकं नाव. आज मिळतं ते पदकसुद्धा तेव्हा नव्हतं, ते १९४९ मध्ये आलं. त्या पहिल्या रात्री गौरवलेल्यांमध्ये इन्ग्रिड बर्गमन होत्या आणि फ्रेडरिक मार्च होते. मार्च यांना महिन्याभरापूर्वीच ऑस्कर मिळालं होतं. म्हणजे हॉलिवूडने ब्रॉडवे बळकावल्याची तक्रार ज्यांना करायची असेल, त्यांना ती पहिल्या दिवसापासून करता आली असती.

तक्रार सगळ्यात मोठ्याने झाली ती २०१० मध्ये. वॉशिंग्टन आणि डेव्हिस यांच्याबरोबर त्या वर्षी कॅथरीन झिटा-जोन्स आणि स्कार्लेट जोहान्सन यांनाही टोनी मिळाले. पण त्याच रात्री सहायक अभिनेत्याचा टोनी घेऊन गेला एक तरुण इंग्रज नट, एडी रेडमेन. तेव्हा त्याला सिनेमावाल्यांनी फारसं ओळखलंही नसतं. पाच वर्षांनी त्याला ऑस्कर मिळालं. त्यामुळे ती यादी पाहून ‘हॉलिवूडची लूट’ म्हणणं मला अर्धंच पटतं. डेव्हिस यांना तर २००१ मध्येच विल्सन यांच्या दुसऱ्या एका नाटकासाठी टोनी मिळालेला होता. नाटक हेच त्यांचं माहेर.

खुद्द वॉशिंग्टन यांचा हिशेब मांडला तर चित्र आणखी स्पष्ट होतं. २००५ पासून ते पाच वेळा ब्रॉडवेवर आले. २००५ च्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये ब्रुटस, नामांकन नाही. २०१० ला ‘फेन्सेस’, टोनी. २०१४ ला ‘अ रेझिन इन द सन’; त्या नाटकाला, दिग्दर्शकाला आणि सहकलाकार सोफी ओकोनेडो यांना टोनी मिळाले, वॉशिंग्टनना नामांकनही नाही. २०१८ ला ‘द आइसमन कमेथ’, नामांकन मिळालं, पुरस्कार अँड्र्यू गारफिल्डला. २०२५ ला ‘ऑथेल्लो’, शून्य. पाचांत एक. २०१० चा ‘फेन्सेस’ आणि २०२५ चा ‘ऑथेल्लो’, दोन्हींचे दिग्दर्शक एकच, केनी लिऑन. नट तोच, दिग्दर्शक तोच, गर्दीही तीच. बदललं ते रंगमंचावरचं काम आणि त्या वर्षीची बाकीची स्पर्धा.

कॅमेरा नसला की

काम बदलतं म्हणजे काय, हे ज्युलिया रॉबर्ट्स यांच्या बाबतीत सगळ्यांना दिसलं. २००६ मध्ये त्या ‘थ्री डेज ऑफ रेन’ घेऊन ब्रॉडवेवर आल्या. तीनच पात्रांचं नाटक. बरोबर पॉल रड आणि ब्रॅडली कूपर. कूपर तेव्हा कुणाच्या गणतीत नव्हते. तिकिटं हातोहात गेली, नाट्यगृहाबाहेर बघ्यांची रेटारेटी. समीक्षकांनी मात्र रॉबर्ट्सचं काम अवघडलेलं, दबलेलं असल्याचं लिहिलं. नामांकन मिळालं नाही. तरी त्या टोनीच्या सोहळ्यात पुरस्कार द्यायला आल्या आणि समोर बसलेल्या रंगकर्मींना दिलखुलास दाद देऊन गेल्या. मला हे फार आवडलं होतं.

त्या वाईट नटी आहेत म्हणून असं झालं नाही. सिनेमात कॅमेरा नटाजवळ जातो. डोळ्यांतली एक हालचाल वीस फुटी पडद्यावर दिसते. दहा वेळा केलेल्या दृश्यातला सातवा तुकडा संकलक उचलतो, मधली शांतता पार्श्वसंगीत भरून काढतं. रंगमंचावर तीच हालचाल शेवटच्या रांगेपर्यंत न्यायची असते, आणि तिला ‘ओव्हर’ही होऊ द्यायचं नसतं. दोन-अडीच तासांचा आलेख सलग, स्वतःच सांभाळायचा. वाक्य विसरलं तर सावरणारं समोरचं पात्रच. प्रेक्षक नको तिथे हसला तर पुढचं वाक्य किती वेळ धरून ठेवायचं, हे ठरवायला अर्धा सेकंद मिळतो. आणि हे सगळं नव्वदाव्या प्रयोगालाही ताजं वाटलं पाहिजे, कारण मत देणारा नेमका कोणत्या दिवशी येऊन बसेल ते सांगता येत नाही.

ब्रॉडवेवर शुभारंभाच्या आधी काही आठवडे ‘प्रीव्ह्यू’ होतात. प्रेक्षक पैसे देऊनच येतो, पण नाटक अजून मुरत असतं. दुपारी तालमीत बदल, रात्री प्रयोग. समीक्षक बहुधा यातल्या शेवटच्या काही प्रयोगांना येतात आणि परीक्षण शुभारंभाच्या रात्री बाहेर पडतं. नाटकाची सवय असलेला नट या आठवड्यांत हळूहळू वर चढतो. सवय नसलेला तोवर थकतो, आवाज बसतो, आणि परीक्षण त्याच दिवसांत लिहिलं जातं.

सवय लावून घ्यायची तयारी असेल तर काय होतं, याचं उदाहरण डॅनियल रॅडक्लिफ. हॅरी पॉटरच्या भूमिकेमुळे जगभर ओळखला जाणारा हा पोरगा २००८ मध्ये ‘इक्वस’ घेऊन ब्रॉडवेवर आला. नामांकन नाही. २०११ मध्ये गाण्या-नाचाची संगीतिका केली, नामांकन सहकलाकारांना आणि टोनीही सहकलाकाराला, याला काही नाही. २०१४ मध्ये ‘द क्रिपल ऑफ इनिशमान’, पुन्हा नाटकाला नामांकनं, याला नाही. २०१८ मध्ये आणखी एक नाटक, तेव्हाही नामांकन नाही. मग ‘मेरिली वी रोल अलाँग’ आलं. ही तीच संगीतिका जी १९८१ मध्ये शुभारंभानंतर १६ प्रयोगांत बंद पडली होती. रॅडक्लिफने ती आधी ऑफ-ब्रॉडवेच्या छोट्या नाट्यगृहात केली, मग ब्रॉडवेवर, आणि २०२४ मध्ये त्याला टोनी मिळाला, तोही सहायक अभिनेत्याचा. पहिल्या नाटकापासून सोळा वर्षं. तोवर तो पाहुणा राहिला नव्हता.

उलटही घडतं. त्याच ब्रॅडली कूपर यांना २०१५ मध्ये ‘द एलिफंट मॅन’साठी प्रमुख अभिनेत्याचं नामांकन होतं. मुखवटा नाही, रंगभूषा नाही, केवळ शरीर वाकवून केलेली विद्रूप माणसाची भूमिका. त्या गटात बिल नायसुद्धा होते. पुरस्कार मिळाला अ‍ॅलेक्स शार्प या पोराला, ज्याला नाट्यविद्यालयातून बाहेर पडून वर्षच झालं होतं.

ज्युली अँड्र्यूज यांनी तर १९९६ मध्ये नामांकनच नाकारलं. ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’ या संगीतिकेला त्या वर्षी मिळालेलं ते एकमेव नामांकन होतं. दिग्दर्शक, सहकलाकार, नृत्य, नेपथ्य, सगळे वगळलेले. दुपारचा प्रयोग संपल्यावर त्या रंगमंचावरूनच म्हणाल्या की ज्यांची उघड उघड उपेक्षा झाली त्या आपल्या मंडळींबरोबर मी उभी राहीन. टोनी त्यांना स्पर्धेत कधीच मिळाला नाही. ज्या ‘माय फेअर लेडी’ने त्यांना १९५६ मध्ये ब्रॉडवेवर नाव दिलं, त्याच्या १९६४ च्या सिनेमात भूमिका मिळाली ऑड्री हेपबर्नना, कारण निर्मात्याला तिकीटबारीवर चालणारा सिनेमातला चेहरा हवा होता. म्हणजे ‘नाव हवं’ हा न्याय दोन्ही बाजूंनी लागू आहे, आणि अँड्र्यूज यांनी तो दोन्हीकडून भोगला. सिनेमाच्या बाबतीत नशिबाने लगेच परतफेड केली. त्याच वर्षीच्या ‘मेरी पॉपिन्स’साठी ऑस्कर त्यांना मिळालं.

आता पुन्हा २०२५. क्लूनी ब्रॉडवेवर पहिल्यांदाच उभे राहत होते. ‘गुड नाइट, अँड गुड लक’ हा २००५ मध्ये त्यांनीच दिग्दर्शित केलेला सिनेमा. त्यात पत्रकार एडवर्ड मरो यांची भूमिका डेव्हिड स्ट्रॅथेर्न यांनी केली होती आणि क्लूनी त्यांच्या सहकाऱ्याच्या भूमिकेत होते. वीस वर्षांनी रंगमंचावर ते स्वतः मरो झाले. काम नेटकं, संयत, पण त्या भूमिकेत नटाला फार हातपाय पसरता येत नाहीत. आपल्या विचारांवर ठाम असलेला माणूस टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर बसून बोलतो, एवढंच ते आहे. ७ जूनचा प्रयोग सीएनएनने थेट दाखवला. मला तर त्या नाटकाचं खरं घर टीव्हीच वाटलं.

समोर एस्कोला होते. ‘ओह, मेरी!’ त्यांनीच लिहिलेलं. अब्राहम लिंकन यांची बायको मेरी ही दारूच्या आहारी गेलेली, गाण्याच्या स्टेजवर परत जायला आसुसलेली बाई आहे, अशी अचाट कल्पना करून रचलेला धुडगूस. २०२४ च्या सुरुवातीला एका छोट्या ऑफ-ब्रॉडवे नाट्यगृहात तो सुरू झाला, लोक हसून हसून बाहेर पडले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रॉडवेच्या लायसियममध्ये आला. फलकावर ओळखीचा सिनेमातला चेहरा नव्हता. नाटकाबद्दल लोक एकमेकांना सांगत गेले आणि खुर्च्या भरत गेल्या, आपल्याकडे चांगल्या नाटकाचं होतं तसं. वर्षभर चालल्यामुळे मतदारांनी ते पाहिलं, काहींनी दोनदा.

पुढे एस्कोला सुट्टीवर गेले तेव्हा मेरीची भूमिका बेटी गिल्पिन यांनी केली, नंतर टायटस बर्जेस यांनी. दोघेही टीव्हीवरून ओळखीचे. यात त्यांना टोनी मिळणं शक्यच नव्हतं. शुभारंभाच्या संचातल्या नटालाच नियमाने स्पर्धेत उतरता येतं, मागून भूमिका घेणाऱ्याला नाही. तालीम मात्र दोघांनाही पूर्ण करावी लागली, आणि आठवड्याला आठ प्रयोगही.